सोमवारचा पहिला तास

सुंडविक,
८ फेब्रुवारी

प्रिय हालवर,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद म्हटलं की तू नाक मुरडतोस हे मला माहीत आहे, पण दोन वर्षांनी का होईना मी मोठी आहे, तेव्हा खुशाल मुरड. हिवाळाभर न दिसलेला सूर्य आमच्याकडे परवा परत आला. समोरच्या डोंगराच्या खांद्यावर थोडा वेळ टेकला आणि गेला. ऑफिसात रिवाजाप्रमाणे सगळ्यांना गोड पाव वाटले, मी दोन खाल्ले, आणि मग पुन्हा दिवे लावून कामाला बसलो. तुमच्या बेटावर डोंगर आडवा येत नाही, म्हणजे तुला तो आधीच दिसला असणार.

कॉड मासा कसा मिळतोय यंदा? फोनवर तुझ्या तोंडून 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही निघत नाही, म्हणून कागद घेतला. शिवाय फोन तू टेबलावर मोठ्या आवाजात ठेवून देतोस, आणि तुझ्याकडे कॉफी प्यायला जो कोणी बसलेला असतो तो माझ्या गुडघ्याची सगळी कहाणी ऐकतो. गुडघा बरा आहे.

तुझी राग्ना ठीक आहे. खालच्या खोलीत तिने पडदे बदलले. माझा मोरीचा नळ गळत होता, तो न सांगता दुरुस्त केला. शाळेसाठी खोली भाड्याने घेऊन एकट्या राहणाऱ्या इतर पोरी शनिवारी गाणी लावून माझं घर हलवतात तशी ती नाही. खरं तर जरा दंगा केला असता तर मला बरं वाटलं असतं. पण शनिवारी ती इथे असतेच कुठे? शुक्रवारी दुपारच्या बोटीने तुझ्याकडे निघालेली असते.

कामाचं सांगायचं तर ओस्लोहून एक पाहुणा येऊन गेला. मुलांनी शाळा अर्धवट सोडू नये म्हणून आपण जे जे उपाय करतो त्यांतला कोणता खरोखर लागू पडतो, हे शोधत तो सगळ्या उत्तरेत हिंडतो आहे. मऊ बोलणारा, चांगला माणूस. पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवल्या: हजेरीची मर्यादा, समुपदेशक, मुलगा आला नाही की त्याच दिवशी घरी फोन, आणि शाळा सोडलीच तर माझ्यासारखीने त्याच्या दारात जाऊन उभं राहणं. शेवटी त्याने प्रत्येकाला विचारलं, तुमच्या अनुभवात सगळ्यात परिणामकारक काय? मी म्हटलं, लापशी. तो हसला. पण मी थट्टा करत नव्हते. शाळेत सकाळी गरम लापशी फुकट मिळायला लागल्यापासून बेटांवरून आलेली पोरं पहिल्या तासाच्या आधी येऊन बसतात. आदल्या रात्री कुणी त्यांना जेवलास का म्हणून विचारलेलं नसतं. पोटात काही गरम गेल्यावर परत बाहेरच्या बर्फात कोण जातं? तशीच वर्गात शिरतात. पाहुण्याच्या पट्ट्यांमध्ये लापशीला रंगच नव्हता.

हजेरीच्या मर्यादेबद्दल मात्र मी गप्प बसले. तू नियम विसरला असशील म्हणून सांगते. एखाद्या विषयाचे दहा टक्क्यांहून जास्त तास कारणाशिवाय बुडाले की त्या विषयात गुण मिळत नाहीत, मग पोरगी कितीही हुशार असो. जे नुसतेच अंथरुणात लोळत असतात त्यांना हा नियम उठवतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. बाकीच्यांचं काय होतं ते त्या माणसाला सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी माझं लक्ष भलतीकडेच होतं.

कुठे होतं ते आता सांगते, उगाच सूर्य आणि नळ करत बसले. त्याच सकाळी राग्नाच्या गणिताच्या बाई, योरुन, मला शाळेच्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, हे मी आत्या म्हणून तुमच्या कानावर घालते, ऑफिसचं माणूस म्हणून नाही. राग्नाचे सोमवार बुडताहेत. सोमवारी सकाळी पहिले दोन तास गणित असतं, आणि ती उगवते दुपारी. आणखी दोन सोमवार गेले की गणित गेलं, आणि गणित गेलं की वर्ष गेलं. मला राग्ना सांगते की वाऱ्यामुळे रविवारची बोट रद्द झाली. बोट सुटली की नाही हे मला घरबसल्या कळतं, हे तिच्या लक्षात आलेलं नाही. शाळेने तुलाही दोनदा कळवलंय म्हणे. तू उघडून बघितलंसुद्धा नाहीस. हालवर, पोरगी तुझी आहे की माझी?

माझा अंदाज विचारशील तर मुलगा आहे. सतरा वर्षांच्या मुलीला सोमवारी सकाळी बेटावर अडकवून ठेवणारं दुसरं काय असणार? मासळी उतरवून घेतात त्या शेडमध्ये हंगामाला नवी पोरं आली असतील. मारित तुम्हा दोघांना सोडून दक्षिणेला निघून गेल्यापासून तू घरात आई आणि बाप दोन्ही झालास हे मला कबूल आहे, पण या गोष्टी पुरुषांना दिसत नाहीत. जरा बघ.

हे पत्र वाचून झालं की शेगडीत घाल. राग्नाला यातलं अक्षरही कळता कामा नये, विशेषतः त्या मुलाचं. तू फक्त रविवारी तिला बोटीत बसवून दे.

तुझी ताई,
ऑडनी


सुंडविक,
२ मार्च

हालवर,

आज आशीर्वाद नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी राग्ना माझा केकचा डबा परत द्यायला वर आली. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आत्या, मुलगा-बिलगा कुणी नाही. शेडमधल्या पोरांच्या अंगाला माशाचा वास येतो." मी स्वेटर विणत होते. माझे टाके कुठल्या कुठे गेले.

शेगडीत घाल म्हटलं होतं तुला, आणि तू ते पोरीच्या हातात दिलंस. आता योरुनबाईंना मी काय तोंड दाखवू? पहिल्यांदा वाटलं, तुला लिहावं की तुझ्या पोटात कधी काही राहतच नाही. मग वाटलं, हे अगदी खोटं आहे. तुझ्या पोटात सगळं राहतं. चाळीस वर्षं राहतं. म्हणूनच तू असं का केलंस ते मला कळत नाही, आणि त्याचाच राग जास्त आहे.

असो. डबा ठेवल्यावर ती गेली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि म्हणाली की ईस्टरनंतर ती शाळा सोडते आहे. तुझ्याबरोबर बोटीवर जाणार.

तुला ठाऊक आहे, सोळा वर्षं उलटली की कायद्याने कुणी कुणाला शाळेत बसवू शकत नाही. तेव्हा मी माझी सगळी हत्यारं काढली. बसवलं तिला, कोको केला, तपकिरी चीज घालून पाव दिला. वर्षाचे विषय दोन वर्षांत विभागून घेता येतात, हे सांगितलं. बोटीवर जायचंच असेल तर मासेमारीचं रीतसर शिक्षण आहे, उमेदवारी आहे, हेही सांगितलं. सोडलीस तरी परत ये, दार बंद होत नाही, असं म्हटलं. इतक्या वर्षांत ही वाक्यं मी इतक्या पोरांना म्हटली आहेत की ती झोपेतही म्हणू शकेन. ती सगळं शांतपणे ऐकत होती. परक्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी.

मग म्हणाली, "आत्या, तू हे सगळ्यांना सांगतेस?"

"हो."

"लागू पडतं?"

"बऱ्याच जणांना पडतं."

"मग त्यांना सांग ना. मला काही शाळेचा कंटाळा आलेला नाही."

मी म्हटलं, मग काय झालंय? तेव्हा ती गडबडली. कप उचलला, परत ठेवला. आणि म्हणाली, "म्हणजे, आवडत नाहीच तशी. बाबालाही कुठे आवडायची? आपल्यात ते असतंच."

यावर मी काही बोलले नाही, हालवर. एवढी बोलघेवडी बाई मी, पण गप्प बसले. का बसले ते तुला माहीत आहे. आणि नसेल माहीत तर पुन्हा कधीतरी.

ती खाली गेल्यावर मी टेबलाशी बसून राहिले. तिने शाळा सोडली की दुसऱ्या दिवशी तिचं नाव आमच्या ऑफिसात येईल. मी आत्या, म्हणून ते मला हाताळता येणार नाही, शेजारच्या टेबलावरच्या पोराकडे द्यावं लागेल. चांगला आहे तो. दार वाजवेल, बूट काढून आत येईल, आणि विचारेल, तुला काय आवडतं, तुला कशाची भीती वाटते, तुला झोप लागते का. आमचे सगळे प्रश्न तिला असतील. तिने 'आवडत नाही' म्हटलं की तो तसं लिहून घेईल, आणि ते कारण म्हणून खपून जाईल. आजवर किती जणांचं मीही असंच लिहून घेतलं असेल कोण जाणे.

शनिवारी दुपारच्या बोटीने मी येते आहे. कॉड कर, काळीज आणि गाभोळीसकट. बटाटे मी आणते, तुमच्या दुकानातले शिजले की फुटतात. भांडायचं असेल तर जेवण झाल्यावर भांडू.

तुझी रागावलेली ताई,
ऑडनी


सुंडविक,
११ मार्च

प्रिय हालवर,

सुखरूप पोचले. तू दिलेली गाभोळी शेजारणीला दिली, ती तुझं नाव काढत होती. इथे बर्फ पुन्हा पडला आहे आणि माझ्या दारापुढचा रस्ता राग्नाने शाळेत जाण्याआधी साफ केला.

आपण भांडलो नाही. जेवण झाल्यावर भांडायचं ठरलं होतं, पण जेवतानाच माझं भांडण कुठेतरी गळून पडलं. बेटावरून निघताना बोटीत मी ठरवलं होतं की यातलं काही लिहायचं नाही. दोन दिवस लिहिलंही नाही. पण मला ते जमत नाही.

शनिवारी बोट धक्क्याला लागत होती तेव्हा मी कठड्याशी उभी राहून हात हलवला. तू समोरच होतास, आणि माझ्याकडेच तोंड करून उभा होतास. तू हात केला नाहीस. मला वाटलं, पत्राचा राग आहे. मग राग्नाने तुझ्या बाहीला हात लावला आणि तू हात वर केलास, जरा भलत्याच दिशेला.

घरी तू मला कॉफी ओतून दिलीस. पूर्वीसारखीच, काठोकाठ. पण कपाच्या आत बोट धरून. तुझं बोट भाजलं असणार, तरी तू ते काढलं नाहीस. मग जेवायला बसलो. लहानपणापासून आपल्या घरात सगळ्यांच्या ताटातले काटे काढायचं काम तुझं, आईसुद्धा तुझ्यापुढे ताट सरकवायची. शनिवारी राग्नाने तुझा कॉड साफ करून तुझ्यापुढे ठेवला. गप्पा मारता मारता, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने. मीठ कुठे आहे ते तिने तुला सांगितलं नाही, कारण तुमच्या टेबलावर मीठ एकाच जागी असतं. सगळंच एकाच जागी असतं. मी पेला उचलून जरा पलीकडे ठेवला, तर तिने तो परत होता तिथे आणला.

रविवारी ती आणि मी दोघींनी परत यायचं होतं. तू म्हणालास, वारा आहे, ताई, राहा अजून एक दिवस. वारा नव्हता. मी राहिले.

सोमवारी उजाडताना तुम्ही दोघं बोटीवर गेलात. पावाचा डबा ओट्यावरच राहिला होता, म्हणून मी कोट चढवून धक्क्यावर आले. तू बोट सोडली होतीस. हाक मारणार होते, पण तेवढ्यात सुकाणूपाशी तुम्ही दोघं मला काचेतून दिसलात. तू चाक धरून उभा होतास आणि ती तुझ्या मागे उभी होती, दोन्ही हात तुझ्या खांद्यांवर ठेवून. बंदराच्या दगडी भिंतीपाशी तिने तुझा डावा खांदा दाबला. मग उजवा. मग दोन्ही खांद्यांवर हात नुसते ठेवले, म्हणजे सरळ. इतक्या सवयीने की तुम्ही दोघं बोलतही नव्हता. तुमची बोट बंदराबाहेर गेली आणि मी पावाचा डबा पोटाशी धरून तिथेच उभी राहिले.

त्या वेळी इथे गणिताचा पहिला तास चालू होत होता.

दुपारच्या बोटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिच्या हातांना मासळीचा वास होता. आणि तेव्हाच, ती झोपलेली असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू माझं पत्र तिला दाखवलं नव्हतंस. तिने ते तुला वाचून दाखवलं होतं. शाळेचे निरोप तू उघडले नाहीस कारण तुला ते वाचता येत नव्हते. आणि बिचारीने स्वतःविषयीचा तो मुलाचा भागसुद्धा वाचला असणार, मोठ्याने, बापासमोर. 'राग्नाला अक्षरही कळता कामा नये' हेसुद्धा तिनेच वाचलं. तुम्ही दोघं हसलात का रे तेव्हा? हसला असाल तर बरं वाटेल मला.

म्हणजे हे पत्रही तू वाचत नाहीस.

राग्ना, आता तू थांबली असशील. थांबू नकोस, बाळा. एकही ओळ गाळू नकोस आणि पदरचं काही घालू नकोस. पुढचं बाबाला ऐकायचं आहे, आणि तुलाही ऐकायचं आहे.

हालवर, आपले बाबा मासे पकडायचे ते डोळे गेल्यावरही बरीच वर्षं. गावात सगळे म्हणायचे, काय हात आहे म्हाताऱ्याचा. हात बाबांचा होता, डोळे तुझे होते. मी सोळाव्या वर्षी शिकायला इथे आले. दोन वर्षांनी तू यायचा होतास. माझ्या खोलीशेजारची खोली तुझ्यासाठी घेऊन ठेवली होती. आईने तुझी लाकडी पेटी आदल्या दिवशीच पुढे पाठवली, वर तुझं गणिताचं पुस्तक बांधून. मी धक्क्यावर तुला घ्यायला आले. बोटीतून सगळे उतरले, तू उतरला नाहीस. पुढच्या बोटीलाही नाहीस. मग आईचा निरोप आला की हालवरला शाळा आवडत नाही, तो नाही येत. मी पेटी परत पाठवली.

तेव्हापासून आपण सगळे तेच म्हणत आलो. हालवरला शाळा आवडत नव्हती. बाबा म्हणायचे, आई म्हणायची, नातेवाईक हसून म्हणायचे, आणि तूही म्हणायला लागलास. शाळेतल्या फळ्यावरची गणितं तू मास्तरांच्या आधी सोडवायचास हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला तर सगळ्यात जास्त माहीत होतं, कारण माझी गणितं तूच करून द्यायचास. बाबांना दिसत नाही, हे एक वाक्य कुणी उच्चारलं असतं तर काहीतरी उपाय निघाला असता. बाबांची लाज झाकायला ते वाक्य आपण बोललो नाही, आणि त्या जागी तुझं नाव घातलं.

आता तुझी मुलगी तेच वाक्य म्हणते आहे. माझ्या स्वयंपाकघरात, खुर्चीला धरून. तिला कुणी शिकवलं नाही, तिने ते घरात पडलेलं उचललं. मला रडू आलं होतं त्या दिवशी. तुला आता सांगते.

बाबांना काचबिंदूच असणार, हे त्यांची लक्षणं ऐकून एका डॉक्टरने ते गेल्यावर मला सांगितलं. तुलाही तेच असणार. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात, पण आहे ती औषधाच्या थेंबांनी टिकवता येते. बाबा शेवटपर्यंत डॉक्टरकडे गेले नाहीत. तुला कसली भीती आहे ते मला समजतं. डोळे तपासले की बोट चालवण्याचा दाखला जाईल. जाईलही कदाचित. मी तुला खोटा धीर देत नाही. मग सुकाणूवर कुणी माणूस ठेवावा लागेल आणि आपल्याच बोटीवर दुसऱ्याच्या हुकमाने चालावं लागेल. पण शनिवारी शेडमध्ये तू कॉडच्या जिभा कापत होतास ते मी पाहिलं. एकदाही खाली न बघता. तुझे हात कुठे गेलेले नाहीत. आणि सुकाणूवरचा तो माणूस पगार घेईल, बोटीवर झोप काढेल, तुझ्याशी हुज्जत घालेल, पण त्याचं गणित बुडणार नाही.

शाळेशी मी बोललेले नाही. घरच्या माणसाला सांभाळण्यासाठी बुडालेले तास कारणाशिवाय बुडाले असं कुणी म्हणणार नाही, असं मला वाटतं. मुख्याध्यापिका समंजस आहेत. पण त्यांना ते खरं कारण समजायला हवं. ते मी सांगायचं नाही, आणि राग्नाने तर मुळीच नाही. ते तुझं आहे.

ओस्लोचा तो माणूस पुन्हा आला तर आता मी गप्प बसणार नाही. सांगेन, लापशी चालते, घरी केलेला फोन चालतो, तुमची मर्यादासुद्धा चालते, झोपाळू पोरांवर. पण आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी शाळा सोडलेलीच नसते. घरात कुणीतरी त्यांना धरून ठेवलेलं असतं, आणि धरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तो हे लिहून घेईल की नाही ते मला माहीत नाही. तुला मात्र विचारते. हालवर, तिला सोडशील?

येत्या सोमवारी सकाळी इथल्या नेत्रतज्ज्ञाकडे एक वेळ रिकामी झाली होती, ती मी तुझ्या नावाने धरून ठेवली आहे. राग्नाचा गणिताचा तास चालू होईल तेव्हाच. ती तिच्या वाटेने जाईल आणि मी तुझ्याबरोबर येईन. रविवारी संध्याकाळच्या बोटीला मी धक्क्यावर येते. तू येशील की नाही ते मला कळवू नकोस, मी येणारच आहे.

राग्ना, पत्र संपलं. नीट वाचलंस, शाबास. आता ते घडी करून ठेव आणि जरा वेळ गप्प बस. बाबाला काही म्हणायचं असेल तर म्हणू दे. नसेल म्हणायचं तर कॉफी टाक, पण ओतायची त्यालाच ओतू दे.

तुझी ताई, आणि तुझी आत्या,
ऑडनी


स्कार्वया बेट,
शनिवार

ताई,

हे मी स्वतः लिहितोय. राग्नाने ओळीखाली पट्टी धरली आहे. तिने वाचायचं नाही असं ठरलंय, ती खिडकीबाहेर बघते आहे. निदान म्हणते तरी तसं. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. पूर्वीही काही मोत्यासारखं नव्हतं.

तिने तुझं पत्र सगळं वाचलं. दोनदा थांबली. पहिल्यांदा तू सांगितलंस तिथे आणि दुसऱ्यांदा पेटीपाशी. पेटीचं तिला माहीत नव्हतं. ती माळ्यावर आहे अजून, तीत दोर ठेवतो.

त्या मुलाच्या भागाला आम्ही हसलो होतो. खूप.

पत्र संपल्यावर मी कॉफी ओतली. मग तिला म्हटलं, मला शाळा आवडायची. गणित सगळ्यात जास्त. ती म्हणाली, बाबा, हे आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं.

शाळेला कालच फोन केला. मुख्याध्यापिकांशी स्वतः बोललो, तिला बाहेर पाठवून. त्या म्हणाल्या, बघू, डॉक्टरांचा कागद आणा. गणिताचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही. बोट धक्क्याला बांधली आहे. किती दिवसांसाठी ते सोमवारी कळेल. आज सकाळी उठून बोटीपाशी जाऊन उभा राहिलो, तेवढं कुणाला सांगू नकोस.

हे पत्र आजच्याच बोटीने पाठवतोय, रविवारी आम्ही दोघं येतोय. पेटी नाही, पिशवीच आहे.

धक्क्यावर हात हलवू नकोस. हाक मार.

हालवर